काठातलं पाणी

आमच्या कारखान्याची पातेली वास मारतात, अशी तक्रार मुळशी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवरून आली, तेव्हा मी पॉलिशच्या मशीनवर होते. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी सगळ्यांदेखत फोनवरच निकाल देऊन टाकला, "माल चोख आहे. तुमच्या बायकांना भांडी घासायला शिकवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रिसॉर्टवर भांडी घासणारी बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. रिहे गावाच्या रस्त्यावरच्या या कारखान्यात लागण्याआधी मीही तिथे त्यांच्याशेजारी बसून भांडी घासली होती. जाऊबाईंचा हात असा, की त्यांनी घासलेल्या पातेल्यात तोंड बघून कुंकू लावावं.

संध्याकाळी त्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. मॅनेजरने महिन्याची मुदत दिली होती. तेवढ्यात वास गेला नाही, तर तो दुसरी बाई बघणार होता.

"काम गेलं तर गेलं गं," त्या म्हणाल्या. "पर समद्या पोरींम्होरं घानेरडी म्हनला मला."

तो शब्द त्यांना लागला होता. मलाही लागला.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रिसॉर्टवर गेले. एक पातेलं स्वतः घासलं, पुसून कोरडं केलं आणि वर्तमानपत्रावर पालथं घातलं. दोघींनी चहा घेतला. परत येऊन उचललं तर कागदावर ओलं कडं उमटलेलं, पांढरट आणि आंबूस वासाचं. पातेल्याचा काठ मजबुतीसाठी बाहेर वळवलेला असतो. त्या वळणाच्या आत पोकळ जागा, आणि कडेला केसाएवढी फट. इंद्रायणीचा भात उतू गेला की चिकट पेज त्या फटीत शिरायची, आतच आंबायची आणि नंतर थेंबथेंब बाहेर यायची. तिथे ना काथ्या पोचत होता, ना बोट. आणि तोच काठ मी वरून रोज चमकवत होते! माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते पातेलं मी कारखान्यात नेलं, पुन्हा धुऊन पुसलं आणि साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या ड्रॉइंगवरच पालथं घातलं.

"साहेब, तोवर चहा घ्या."

ते हसले. चहा संपल्यावर मी पातेलं उचललं, तेव्हा मात्र हसले नाहीत. वाकून त्या ओल्या कड्याचा वास घेतला आणि नाक मुरडलं. माणूस तापट, पण खोटा नाही.

"काठ वळवला नाही तर कडा हात कापेल. आणि भरलेलं पातेलं उचललं की वाकेल."

"मग न कापणारी, न वाकणारी कडा करा की. इंजिनिअर तुमी हाय, मी न्हाई."

अख्खी शेड हसली. साहेब मात्र त्याच दिवशी कामाला लागले.

काठ न वळवलेलं पहिलं पातेलं दोघा कामगारांनी पाणी भरून उचललं, तर त्याचं तोंड लंबगोल झालं. मग पत्रा जाड घेतला. तोंडाशी तो थोडा बाहेर पसरवला आणि धार घासून गोल केली. ते घासायचं काम माझं. ना फट, ना पोकळी. या वेळी पातेलं वाकलंसुद्धा नाही. साहेबांनी कडेवरून स्वतःचा तळवा फिरवला आणि म्हणाले, "पास!"

"अजून न्हाई. पास करणारी बाई रिसॉर्टवर हाय."

तर साहेब स्वतः टेंपोत बसून आले. आचाऱ्याने इंद्रायणीचा भात मुद्दाम उतू जाऊ दिला. पातेलं रिकामं झाल्यावर जाऊबाईंनी ते घासलं, पुसलं, कोऱ्या कागदावर पालथं घातलं. मॅनेजरही येऊन उभा राहिला. सगळ्यांचा चहा झाला. जाऊबाईंनी पातेलं उचललं. कागद पापडासारखा कोरडा. माझा आनंद पोटात मावेना.

जाऊबाईंनी काठावरून बोट फिरवलं, हुंगलं, आणि ते पातेलं थेट मॅनेजरच्या नाकाखाली धरलं.

"घ्या वास. आन आता सांगा, घानेरडं कोन हुतं?"

मॅनेजरने वास घेतला. उत्तर साहेबांनी दिलं.

"आमचं पातेलं, मावशी."