गाडीच्या पुढे चालणारे टेलरचाचा

गळ्यातली टेप सावरायची, अंगठा खांद्यावरून मागे दाखवायचा आणि म्हणायचं, "साहेब, गाडी माज्या मागनं येते." आमच्या टेलरचाचांचं हे रोजचंच. तेव्हा त्यांच्या मागे असायचं ते खाजण, खडीचे ढीग आणि एखादी निवांत म्हैस.

चाचा मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. वाशीत आमच्या बिल्डिंगखाली त्यांचं दुकान आणि दुकानामागच्या खोलीत चाचींचा संसार. लोकल तेव्हा मानखुर्दपर्यंतच यायची. पुढची खाडी आम्ही वाशीकर बसने ओलांडायचो. रेल्वेच्या पुलाचं काम चाललं होतं. मी चाचांकडे एका पँटचं कापड दिलं, त्यांनी माप घेतलं, आणि गाडी वाशीला यायच्या तोंडावर चाचा दुकान उचलून नेरूळला गेले! माझ्या मापासकट.

"अहो, आता तर गाडी येतेय, आणि तुम्ही निघालात?" मी विचारलं.

"मी हितं बसून रायलो तर तिला पुडची वाट कोन दाखवनार?"

शेजारच्या काकूंच्या ब्लाउजची एक बाही वाशीला राहिली, दुसरी नेरूळला गेली. भाचीच्या लग्नात काकू भर मे महिन्यात शाल पांघरून बसल्या. सगळ्यांना वाटलं, तापच आहे त्यांना.

मी नेरूळला गेलो तेव्हा पँट नुसती कापून झाली होती. लवकरच तिथेही रूळ पडले, आणि चाचा बेलापूरला पोचले. तिथे पँट शिवून झाली खरी, पण एव्हाना माझं पोट तिच्या पुढे गेलं होतं. "उसवू की, टेन्शन नको," चाचा म्हणाले. बेलापूरला गाडी यायची चिन्हं दिसताच ते नवीन पनवेलला गेले. पँटही गेली. त्या मार्गावर माझ्या पँटइतका प्रवास तोवर कोणीच केला नव्हता.

या सगळ्यात हाल चाचींचे. दरवेळी भांडी बांधा, पिंप रिकामं करा, नव्या गावी पाण्याच्या वेळा विचारत फिरा. त्यावर आणखी चाचांचा एक नियम होता. गाडी पनवेलला पोचेपर्यंत घरातल्या कोणी तिच्यात बसायचं नाही. बसलं तर ती अडते म्हणे! कुठेही जायचं तर चाची बसने जायच्या.

"भाऊ, सगळ्या ठिकानचे रूळ मी सैपाक करता करता बगितले," त्या एकदा मला म्हणाल्या, "पन गाडी येनार तवा माज्या हातात बोचकी. मला एकदाच तिच्यात बसून आमची सोडलेली घरं बगायची हायत. दुसरं काय बी नको."

एवढंच मागणं होतं बिचारीचं. मला खरंच चाचांचा राग आला.

आणि नेमकी बेलापूरनंतर गाडी अडली. वर्षामागून वर्षं गेली. नवीन पनवेलच्या सोसायट्यांमधली शहाणीसुरती, नोकरदार माणसं चाचांच्या दुकानात येऊन बसू लागली. "चाचा, तुम्ही फार पुढे आलात. तिला दिसत नसाल." चाचांनाही ते पटलं. त्यांनी कुणाच्या तरी सलवारीचं हिरवं कापड बांबूला बांधून बेलापूरच्या दिशेने लावलं. ती सलवार पुढे बिनकुडत्याची झाली की कुडता बिनसलवारीचा, मला आठवत नाही.

शेवटी पनवेलची गाडी सुरू होणार असं पक्कं झालं. त्याच आठवड्यात उरणकडची चार माणसं हार आणि पेढे घेऊन हजर. "चाचा, गाळा बगून ठेवलाय. आता आमच्याकडं चला." चाचांचा अंगठा आपोआप खांद्याकडे गेला. घरात बोचकी बांधायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी मशिनचा पट्टा गायब! सगळं दुकान पालथं घातलं. चाची शांतपणे तांदूळ निवडत होत्या.

"माज्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "आदी मला गाडीत बसवा. मंग उरनला जावा, नायतर मक्केला जावा."

उरणची माणसं पेढे ठेवून परत गेली. उरणची गाडी पुढे किती वर्षं रखडली ते तुम्ही जाणताच. कारण मात्र आम्हा मोजक्या लोकांनाच माहीत आहे.

गाडी सुरू झाल्यावर मी तिनेच पनवेलला गेलो, आणि पँट एकदाची माझ्या हातात आली. परतताना चाचा-चाची माझ्याबरोबर निघाले. डबा जवळजवळ रिकामा होता. चाची खिडकीशी बसल्या. चाचा तर पार बावरले होते. त्यांनी ही सगळी स्टेशनं आणली, पण उभी राहिलेली एकही पाहिली नव्हती. "हे कुटलं? आन् हे?" असं ते मलाच विचारत होते. मी सांगितलं की "वा!" म्हणत होते, जणू मीच बांधलीत.

नेरूळ जवळ आलं तशा चाची उठून उभ्या राहिल्या. "थांबा, थांबा, ती बगा माजी खिडकी!"

तिथे आता दुसऱ्याच कुणाचा संसार होता. एक बाई वाळत घातलेले कपडे काढत होती. चाचींनी गजांतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. ती बाई क्षणभर गोंधळली. मग हातातले कपडे काखेत धरून तिनेही हात हलवला.