मारामारीच्या कार्टूनचा आवाज

आधी तो टीव्हीचा आवाज पार बंद करायचा. मग घोटभर पाणी प्यायचा, खाकरायचा आणि पडद्याशेजारी उभा राहून म्हणायचा, "हां, मंग ऐका. ह्या दोन खानदानांत लई जुनं भांडण हाये."

भोकरदनच्या बसस्टँडमागे पत्र्याच्या खोलीत त्याचं गेमचं दुकान होतं. दोन टीव्ही, चार रिमोट आणि सगळे गेम कराटे-कुंगफूच्या मारामारीचे. तुमच्याही गावात असं एखादं दुकान असेल, आणि तिथून कान धरून बाहेर काढलेला एखादा भाऊही. पुढे गेम मोबाईलवर आले नि खोली ओस पडली. तेव्हा त्याने त्याच गेमांवर निघालेले कार्टून पिक्चर आणले. पण ते जपानीत, नाहीतर इंग्रजीत. पोरं कंटाळली. मग यानेच आवाज बंद केला आणि सगळी पात्रं स्वतः बोलायला लागला.

मी शेजारच्या शाळेत मराठी शिकवतो. पोरं कुठे पळतात ते बघायला गेलो आणि दारातच उभा राहिलो. पडद्यावर दोन लढवय्ये हवेत उडत होते. याच्या लेखी एक धावडा गावचा, दुसरा वाटूरचा, आणि भांडण शेताचं. "तुझ्या आज्यानं आमचा बांध कोरल्ता, आज मी तुला कोरतो!" एक जण आगीत पडला तर, "आरं ऊठ की, उद्या सोयाबीन काढायला कोण येईल?" पोरं हसून लोळत होती, मीही हसलो.

शेवटी म्हातारा गुरू शिष्याच्या मांडीवर जीव सोडतो. तेव्हा मात्र हा गप्प उभा राहिला. नंतर मी विचारलं, इथे का नाही बोललास?

"अशा टायमाला कोण काय बोलतंय, सर?"

इतकी वर्षं मराठी शिकवून मला हे उमगलं नव्हतं.

एक दिवस तो धापा टाकत शाळेत आला. असाच एक पिक्चर मराठीत होणार होता आणि संभाजीनगरचा एक स्टुडिओ आवाज शोधत होता. दहा मिनिटांचा नमुना पाठवायचा, एकदाच.

"निवडलं तर जिंदगी बनंल, सर. मी समदं लिहून आनलंय. तुम्ही मराठीचे. जरा बराबर करून द्या."

इथे मी माती खाल्ली. लाल पेन घेऊन बसलो. बांध काढला, सोयाबीन काढलं, आज्याला पितामह केलं. 'थांब अधमा, तुझा अंत समीप आला आहे' या वाक्यावर तर मी स्वतःच खूश झालो.

त्याने कागद वाचला. "सर, मारामारीत असं बोलंल का कोनी?"

"बाहेर प्रमाण भाषाच चालते," मी म्हणालो. त्याने मान डोलावली. माझ्यावर त्याचा पुरा भरवसा होता हो. पंधरा दिवस घोकून त्याने नमुना पाठवला.

उत्तर त्याने मलाच वाचायला दिलं. आवाज चांगला आहे, पण धडा वाचल्यासारखा वाटतो. आम्हाला गावाकडचं बोलणं हवं होतं.

"मंग माझंच पाठवायचं होतं का, सर?" त्याने विचारलं. रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्याने पुन्हा पिक्चर लावला. मुद्दाम गेलो. "तुझ्या आज्यानं," तो म्हणाला आणि अडला. माझ्याकडे पाहिलं. "आजोबांनी," म्हणाला, पुन्हा अडला. पडद्यावरचे लढवय्ये मुक्याने मार खात राहिले. पोरं एकेक करून उठून गेली. मी उठू शकलो नाही आणि बसूही शकलो नाही.

महिनाभरात खोलीला कुलूप लागलं. तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला. तिथे भट्टीपाशी कानठळ्या बसतात, माणसं हातवाऱ्यांनी बोलतात, असं कळलं.

यंदा तो पिक्चर मराठीत आला. माझ्या वर्गातली पोरं त्यातली वाक्यं म्हणतात, सगळी गावाकडची. मी घरी पूर्ण पाहिला. नायकाचा आवाज बरा आहे. पण यातही गुरू मरतो, आणि तिथे तो खूप बोलतो.

न राहवून मी त्याला फोन लावला. म्हटलं, "अरे, तो पिक्चर पाहिलास का? तू याच्यापेक्षा कितीतरी चांगला बोलला असतास. चूक माझीच झाली."

"होय सर, मी तो पाहिला आहे," तो म्हणाला. "फारच छान झाला आहे. आपली प्रकृती कशी आहे?"

एकेक शब्द जागच्या जागी होता. मी म्हणालो, "अरे, माझ्याशी नीट बोल ना, पहिल्यासारखा."

"मी नीटच बोलत आहे, सर," तो म्हणाला.