पेटीवरची उलटी अक्षरं

त्या गुरुवारी सकाळी मी आंघोळ करून पूजा केली, देव पुसून जागेवर ठेवले आणि त्यांच्या शेजारी वर्षभर ठेवलेली मंगेशची टोपी उचलून पिशवीत घातली. वर टॉवेल, उपासाचा डबा आणि चष्म्याची डबी. सुमन, म्हणजे माझी बायको, दारात उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "आधी त्याले नीट पाहून या. मंग काय ते ठरवा."

मंगेश आमचा एकुलता एक मुलगा. मागल्या वर्षी भादव्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. नागपूरला शिकायला म्हणून राहत होता आणि तिथेच ब्रेकडान्स करणाऱ्या पोरांच्या एका ग्रुपमध्ये होता. डोकं जमिनीला टेकवून, पाय वर करून भोवऱ्यासारखी गिरकी घेणं ही त्याची खासियत. त्यासाठी ही टोपी लागते. आतून जाड, बाहेरून गुळगुळीत कापडाची चकती शिवलेली. त्या ग्रुपची रीत अशी की ही टोपी कुणा एकाची नसते. एकाचं फिरणं थांबलं की ती पुढच्याकडे जाते. ग्रुपचा मोठा पोरगा राकेश वर्षभरात दोनदा फोनवर बोलला आणि दोन्ही वेळा टोपीचं नाव काढताना अडखळला. मीच म्हणत होतो, पाहू.

मधल्या काळात मंगेशने काम केलेला सिनेमा लागला. नागपूरच्या गल्ल्यांत नाचणाऱ्या पोरांची गोष्ट, हिंदीत. नाचाच्या सगळ्या अवघड जागी हिरोच्या ऐवजी मंगेश. सिनेमाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर लोक त्या हिरोला बोलतील आणि त्या पोराचा काही दोष नाही. शुक्रवारी थिएटरात दुसरा सिनेमा येणार होता, म्हणून गुरुवारी निघणं भाग होतं.

काटोलहून नागपूरला यायचं तर एसटी सोयीची. कळमेश्वरवरून गाडी जाते, दीड-दोन तास धरून चला. थंडीत सकाळची गाडी घेणार असाल तर खिडकी सोडून बसा, काचा लागत नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा आहेत, पण त्या दिवशी धुकं इतकं की झाडं दिसलीच नाहीत, नुसता वास.

कंडक्टर ओळखीचा निघाला. "काका, येवढ्या सकाळी कुठं जाऊन राहिले? कळमन्याले काय?"

मी काटोलला संत्र्याच्या पॅकिंग शेडवर देखरेखीला आहे, त्यामुळे कळमन्याच्या बाजारात माझं जाणं-येणं असतं. म्हणालो, "नाही गा. सिनेमा पाहाले."

"सिनेमा!" त्याने तिकीट फाडता फाडता पुढच्या बाईला सांगितलं, "पाहा वं मावशी, काका उपासाच्या दिवशी टाकीजले चालले."

मावशी हसली. "जाऊ द्या ना बाप्पा. घरी काकू बोलू देत नसन."

मीही हसलो. सांगत बसण्यासारखं नव्हतं.

गणेशपेठच्या स्टँडवर उतरलात तर समोरच्या गल्ल्यांत राहायला साध्या खोल्या मिळतात. पाचशेच्या आत-बाहेर, गरम पाणी विचारून घ्या. ज्यांना उपास नाही त्यांनी सकाळी तर्री-पोहे खावेत, हरभऱ्याचा लाल रस्सा पोह्यांवर ओतून देतात. तीस रुपयांत दुपारपर्यंत पोट भरलेलं राहतं. मी खोलीवर पिशवी ठेवली, डब्यातला साबुदाणा खाल्ला आणि टेकडीच्या गणपतीला जाऊन आलो. काय मागावं ते सुचलं नाही. नमस्कार केला आणि निघालो. टोपीची पिशवी मात्र खोलीवर ठेवायला मन होईना म्हणून परत जाऊन घेतली.

दुपारच्या खेळाला थिएटरात जेमतेम दहा-पंधरा माणसं. मी मधली खुर्ची घेतली. मागे कॉलेजची दोन पोरं पाय पुढच्या खुर्चीवर टाकून बसली होती. सुरुवातीला बरंच बोलणं, भांडणं, प्रेम. मग नाच सुरू झाला. हिरो टोपी डोळ्यांवर ओढतो, मान खाली घालतो, खाली वाकतो आणि तिथून पुढे तोंड दिसत नाही. नुसते पाय, पाठ, हात.

मी खुर्चीच्या टोकावर आलो.

मंगेश डावखुरा. लहानपणी प्रसाद घ्यायला डावाच हात पुढे यायचा, त्याची आजी तो हात मागे सारून उजवा ओढायची. जेवायला उजवा शिकला, बाकी सगळं डावं राहिलं. शेडच्या अंगणात तो नाचायचा तेव्हा शेवटी एका हातावर अख्खं अंग तोलून थांबायचा. तो हात डावा असायचा. एवढी खूण मला पुरेशी होती.

पडद्यावरचा पोरगा उजव्या हातावर थांबला.

पुढच्या नाचातही उजवा. डोक्यावरची गिरकीही मंगेशच्या उलट्या बाजूने. खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर काही छापलेलं दिसत होतं, पण मला ते वाचता येईना. चष्मा पुसला, तरी येईना. पुढे मी फार बारकाईने पाहिलंच नाही. हा आपला नाही, एवढं कळलं होतं.

मागचा एक पोरगा म्हणाला, "हिरो भारी फिरते बे."

"अबे, तो कुठं फिरते? डुप्लिकेट आहे तो."

"मंग डुप्लिकेट भारी फिरते."

शेवटी नावं आली ती बारीक अक्षरांत, भराभर. दिवे लागले, झाडूवाली बाई आत आली आणि मी उठलो. मंगेशचं काम कापलं असावं, त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला घेतलं असावं, असं मी मनाशी धरलं. सुमनला काय सांगायचं या विचारात सीताबर्डीपर्यंत चालत गेलो. तिथे मेट्रोचा पूल, खाली गाड्या, सगळीकडे दिवे. शहरात नवीन येणाऱ्याला पाहण्यासारखं आहे, असं सगळे म्हणतात. मी पाहिलं असेन, आठवत नाही.

शुक्रवारी सकाळी सरळ परतीची गाडी धरणार होतो. पण राकेशला येतो म्हणून कळवलं होतं. न भेटता गेलो असतो तर तेही बरं दिसलं नसतं. ही पोरं सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाजवळ सराव करतात. ऑटोवाले सांगतील त्याच्या पाऊण भाडं ठरवून जा. तलावावर धुकं होतं, काठाला निर्माल्य आणि प्लास्टिक अडकलेलं, चालायला आलेली म्हातारी माणसं मफलर गुंडाळून फिरत होती. एका सिमेंटच्या ओट्यावर संत्र्याच्या पेट्यांचे पुठ्ठे उकलून, चिकटपट्टीने जोडून अंथरले होते.

"काका, तिथं काहून उभे राहिले? या ना," राकेश धावत आला आणि पाया पडला. नंतर एकेक करून सगळे पडले. शेवटी प्रज्ञा. वीस-एकवीसची, बारीक अंगाची, इमामवाड्यातली. टोपी आता तिच्याकडे जायची होती. तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि तिच्या आत तिने मोजे कोंबले होते.

पोरांनी चहा आणला. राकेशने हळूच विचारलं, "काकूंनी त्याले चाईसाठी डॉक्टरकडं नेलं होतं ना?"

सगळे हसायला लागले. मंगेशच्या टाळूवरचे केस गोल जाऊन चकती पडली होती. सुमनला वाटलं चाई लागली. तिने काटोलच्या डॉक्टरांकडून तेल आणलं आणि रोज सकाळी स्वतः चोळत होती.

"त्या तेलानं टोपी अशी घसरे काका," राकेश म्हणाला, "की भाऊ एका जागी फिरायच्या ऐवजी फिरत फिरत नालीकडं जाये."

"आम्हा सगळ्यायलेच आहे ते," म्हणत प्रज्ञाने टोपी काढून डोकं पुढे केलं. केसांच्या मधोमध रुपयाएवढी जागा मोकळी, कातडी लाल झालेली. हसता हसता मी थांबलो.

मग सांगून टाकलं. काल सिनेमा पाहिला, त्यात मंगेश नाही.

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. "नाही कसा? पूर्ण तोच तर आहे," प्रज्ञा म्हणाली.

"तो पोरगा उजवा आहे."

तिने खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाली, "तुमाले सांगितलंच नाही कोणी. काका, हिरो उजवा. शेवटी तोंड दाखवायचं तेव्हा तो उजव्या हातावर कसाबसा थांबे. मंगेशचं सगळं डाव्या बाजूचं. दोघाईचं जुळेच ना. मंग एडिटिंगवाल्यानं मंगेशचं सगळं पालटून टाकलं. आरशात दिसते तसं."

"आमी म्हटलं, नका करू," राकेश म्हणाला. "फिरायची बाजू म्हणजे माणसाची सही असते. ते म्हणे, पाहणाऱ्याले काय समजते? पण खालचा पुठ्ठा विसरले. त्याच्यावरची अक्षरं बी पालटली."

प्रज्ञाने मोबाइलवर सिनेमातलं गाणं लावलं. ओट्याशी राकेशची मोटरसायकल उभी होती. तिने मोबाइल त्या गाडीच्या आरशासमोर धरला आणि म्हणाली, "इथून पाहा. मोबाइलकडं नाही, आरशात."

मी गुडघ्यावर हात ठेवून वाकलो.

तळहाताएवढ्या आरशात, कडेला चिखलाचे थेंब वाळलेले, माझा मुलगा डोक्यावर फिरत होता. त्याच्या बाजूने. पाय आवळले, वेग वाढला, पाय पसरले, वेग उतरला, आणि तो डाव्या हातावर थांबला. खाली पुठ्ठ्यावर एक पान आणि त्याखाली 'काटोल'. तो आमच्या शेडचा शिक्का. शेजारी निळ्या पेनने मालाची प्रत लिहिलेली, ती माझ्या हातची. पुठ्ठे त्याने घरून नेले होते, कधी ते मला आठवत नव्हतं.

"परत लाव," मी म्हणालो. तिने लावलं. किती वेळा, ते सांगता येत नाही. तिचा हात भरून आला तसा राकेशने मोबाइल धरला.

नंतर मी पिशवीत हात घातला. टोपी हाताला लागली आणि हात तिथेच राहिला. विचारलं, "तू हे घालून काय करशील?"

"पुढल्या महिन्यात एका सिनेमाचं काम आहे, काका. हिरोइनच्या जागी मी फिरणार."

"नाव लावतील?"

"म्हणते तर लावू."

"आणि तोंड?"

"तोंड तिचंच राहीन ना." ती हसली. "पण मी उजवी आहे. मले पालटायची गरज नाही पडणार."

मला हसू आलं नाही. आपल्या पोराचं जे झालं त्यातच दुसऱ्याच्या पोरीला घालायला मी ही टोपी देऊ? मी हात बाहेर काढला तो रिकामाच. सगळ्यांना दिसलं.

प्रज्ञाच म्हणाली, "राहू द्या काका. तुमच्या देवाजवळ आहे ना, राहू द्या. माह्याजवळ ही आहे." आणि मोजे कोंबलेली टोपी तिने पुन्हा डोक्यावर ओढली. पुठ्ठ्यावर जाताना तिने वाकून त्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला, आखाड्यात उतरणारे करतात तसा. गिरकी सुरू झाली. तीन-चार फेऱ्यांत आतला मोजा सरकला आणि ती खांद्यावर आदळली. उठली, मोजा नीट केला, पुन्हा पुठ्ठ्याला हात लावला.

राकेश मला सोडायला स्टँडपर्यंत आला. वाटेत म्हणाला, "त्या टोपीत आतून तीन अस्तरं आहेत, काका. ज्याच्याकडं जाते तो आपलं एक शिवते. जुनं कोणी काढत नाही. सगळ्यात वरचं मंगेशचं." एवढंच बोलला. दे म्हणाला नाही.

घरी पोचलो तेव्हा सुमन अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिसला?"

मी आत जाऊन भिंतीवरचा आरसा काढून आणला, तिच्यासमोर सुपाला टेकवून ठेवला आणि राकेशने पाठवलेलं गाणं मोबाइलवर लावून धरलं. काही समजावून सांगितलं नाही. तिने पाहिलं. मंगेश हातावर थांबला तसं तिने बोट काचेवर ठेवलं. "डावा," ती म्हणाली. मग बोट त्याच्या टोपीवर नेऊन, "केस बी नाई राहिले होते तिथं."

मग मी तिला प्रज्ञाचं सांगितलं. पुढच्या सिनेमाचं, तोंड तिचं दिसणार नाही त्याचं, मोज्याचं, टोपीतल्या अस्तरांचं, आणि ती आदळली त्याचंही. वाटलं होतं सुमन म्हणेल, नका देऊ. ती म्हणाली, "लागलं काय तिले?"

"लागलं असन."

ती उठली. मंगेशचा एक जुना सदरा पेटीतून काढला आणि त्याची पाठ कापली. दोन दुपारी ती टोपीला आतून ते अस्तर शिवत होती. जुन्या अस्तरांना सुई लागू न देता, कडेकडेने, बारीक टाके. टोपी जरा जड झाली. मी ती हातात घेऊन पाहिली आणि वासही घेतला. तेलाचा वास अजून होता.

रविवारी मी पुन्हा पहिली गाडी धरली. कंडक्टर तोच. "आज कोणता सिनेमा?" म्हणाला. सक्करदऱ्याला पोचलो तेव्हा पोरं पुठ्ठे अंथरत होती. चहा घेतला नाही, बसलोही नाही. संध्याकाळच्या आत परत आलो. देवघरात दिवा लागलेला होता आणि टोपीच्या जागी सुमनने काहीच ठेवलं नव्हतं.

"देली?" तिने विचारलं.

"देली."