भोंगा वाजवला म्हणून

माझ्या मामांची निपाणीत तंबाखूची वखार होती. त्या वखारीत मी पाऊल टाकलं की मला शिंका सुरू व्हायच्या. साध्यासुध्या नव्हेत. एका शिंकेसरशी हमालांचे पटके उडायचे, आणि वारा असेल त्या दिवशी माझी शिंक पार बेळगावापलीकडच्या गुंजीच्या स्टेशनात ऐकू जाऊन मास्तर गाडी आली म्हणून झेंडा घेऊन बाहेर यायचा. शेवटी मामा कंटाळले आणि त्यांनी मला वखारीतून उचलून नव्या मोटारीवर बसवलं. लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. निपाणीत तेव्हा मोटारी मोजक्याच, आणि त्या चालवण्याची अक्कल असलेला माणूस एकटा मी. यावर मामांचं मत वेगळं होतं.

मोटार आली तसा तिच्या मागोमाग बेळगावहून विम्याचा एजंट आला. हिंडलग्याच्या तुरुंगातल्या जन्मठेपेच्या कैद्यालाही त्यानं प्रवासाचा विमा विकला असता. "मोटारीला ओरखडा उठला तर कंपनीच्या काळजात कळ येईल," असं त्यानं मामांना सांगितलं. मामांनी विमा उतरवला.

मग दसऱ्याच्या आठवडाभर आधी ते घडलं. चिकोडीच्या रस्त्याला माझ्यापुढं एक बैलगाडी चालली होती, तंबाखूचे गच्च भरलेले बोद लादून. मी कायद्यानं वागणारा माणूस. मी रबरी भोंगा दाबला. तो वाजला मात्र, डावा बैल गर्रकन वळला, जोडीदाराला ओढत गाडी रस्त्यात आडवी केली आणि पुन्हा वळायला लागला. मी ब्रेक दाबला, पण मोटारीनं काही मनावर घेतलं नाही. मडगार्डला परातीएवढा पोचा पडला, एक दिवा फुटला. बैलगाडीला काही झालं नाही. एक बोद फुटला आणि भर रस्त्यात मला शिंका सुरू झाल्या.

गाडीवान आप्पा भला माणूस. तो खाली उतरून माझीच समजूत घालायला लागला. "तुमची चूक न्हाय, मालक. ह्यो बैल धा वर्सं तेलाच्या घाण्याला फिरलाय. दचकला की गोल फिरतंय बगा ते. गावात समद्यास्नी ठावं हाय."

समद्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं.

मामांनी पोचा पाहिला, मला पाहिलं. "भाच्या," ते म्हणाले, "कंपनीनं भरून दिलं तर मोटार तुझी. न्हाय दिलं तर ड्रायव्हर ठेवतो, आणि तू वखारीत."

मला तिथंच एक शिंक आली.

कंपनीला तार गेली. इन्स्पेक्टर येईपर्यंत मोटारीला कोणी हात लावू नये, असं उत्तर आलं. कंपनी मोठी असेल, पण ती माझ्या मामीला ओळखत नव्हती. आमच्याकडं खंडेपूजेला घरातलं प्रत्येक हत्यार, अवजार, विळी, कोयता, तराजू घासूनपुसून मांडतात. मोडकं काही पूजेला ठेवत नाहीत. मोटार तर घरातलं सगळ्यात मोठं हत्यार. मामी अंगणात उभी राहून म्हणाली, "फुटक्या डोळ्याची ती बया मी पुजणार न्हाय. कंपनीला सांगा, दसरा थांबत नसतो." मामा वखारीत वाघ. अंगणात त्यांची मांजर होत असे. लोहार आला, त्यानं ठोकून मडगार्ड असं सरळ केलं की त्यात तोंड बघून दाढी करावी. दिवा नवा बसला. मामीनं हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला.

तो पुण्याकडचा. हॅट, खाकी हाफपँट आणि हातात फूटपट्टी. त्यानं मोटारीला एक फेरी मारली. दुसरी मारली. मग गुडघ्यावर बसून मडगार्डखाली पाहिलं.

"अपघात कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"पुजला," मामी म्हणाली.

"म्हणजे?"

"दुरुस्त केला हो. मोडकं कसं ठेवायचं पूजेला?"

"बाई, नुकसानच नाही तर कंपनी भरपाई कशाची देणार?"

मामीला त्याची दया आली असावी. "एवढंच ना? लोहार हितंच हाय, परत पोचा पाडून देतो की. केवढा पायजे तुमास्नी?"

इन्स्पेक्टरनं हॅट काढून कपाळ पुसलं. मग तो माझ्याकडं वळला. "भोंगा वाजवला नसेल तुम्ही."

"वाजवला म्हणून तर धडक झाली," मी म्हणालो.

"इतकी वर्षं नोकरी केली. भोंगा वाजवल्यामुळं अपघात झालेला मी ऐकला नाही."

"साहेब, बैल घाण्याचा हाय," मामा म्हणाले.

"बैल हा बैल असतो. मूळ दोष चालवणाऱ्यात असतो." असं म्हणून तो उठला. "बोलवा ती गाडी. मी दाखवतो, नियमानं मोटार चालवली तर काय होतं ते."

बातमी निपाणीत वणव्यासारखी पसरली. बिड्या वळणाऱ्या बाया सुपं घेऊन आल्या, मठातले स्वामी आले, ज्याच्या साखरपुड्याचा मुहूर्त टळत होता तो नवरदेव फेटा सावरत आला. गाडीवान आप्पा तेच बोद, तीच जोडी घेऊन हजर झाला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, येवढं ऐका. भोंगा तेवढा वाजवू नगा."

"भोंगा वाजवणं हाच नियम आहे."

"बरं," आप्पा म्हणाला. "मग मी आधीच खाली उतरतो."

इन्स्पेक्टर मोटारीत बसला. मामीनं त्याच्यावरून लिंबू उतरून टाकलं. मोटार निघाली, अगदी संथ, पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखी. गाडीच्या मागं आल्यावर त्यानं भोंगा दाबला. बैल गर्रकन वळला. "निल्लो, निल्लो!" थांब रं थांब, म्हणून आप्पा कानडीत ओरडला, पण बैलानं धा वर्सांचा हिशेब एका फेरीत पुरा करायचा ठरवला होता. धाड्! तेच मडगार्ड, तोच दिवा. पोचा तर इतका हुबेहूब की लोहाराच्या डोळ्यांत पाणी आलं. झेंडूची माळ उडून इन्स्पेक्टरच्या गळ्यात पडली, त्यामुळं तो खाली उतरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानं फूटपट्टी लावून पोचा मोजला. आता नुकसान होतं. साक्षीला सगळी निपाणी होती. आणि चालवणारा कंपनीचा होता.

मामांनी त्याला बाजल्यावर बसवून ताक दिलं. आवाज मऊ करून विचारलं, "मग साहेब, दोष कुणाचा म्हणायचा?"

इन्स्पेक्टरनं ताक संपवलं, गळ्यातली माळ काढून मामीच्या हातात दिली. "बैलाचा," तो म्हणाला. "भरपाई मंजूर. फक्त मोटार कोण चालवत होतं ते बेळगावात बोलू नका."

"मोटार आमचा भाचा चालवीत होता की," मामा म्हणाले. "त्येचा हात लई वाईट."

इन्स्पेक्टर गेला तसा मी किल्लीसाठी हात पुढं केला. मामा शब्दाचे पक्के. किल्ली त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मग मोटारीपाशी गेले, भोंग्याचा रबरी फुगा पिरगाळून काढला आणि कोटाच्या खिशात घातला.

"मोटार तुझी, रं," ते म्हणाले. "भोंगा माझा."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी निपाणीपासून बेळगावच्या वडगावापर्यंत ती मोटार खिडकीतून डोकं काढून, नुसत्या घशावर चालवली. "सरका रं! बाजूला व्हा, आप्पा! अहो आक्का, म्हस धरा!" त्या बैलानं माझ्या ओरडण्याकडं कधी ढुंकून पाहिलं नाही. आता चारचौघांत मी तोंड उघडलं की लोक म्हणतात, जरा हळू बोला. त्यांनी ते माझ्या मामांना सांगावं.