पोट किती उघडायचं

अर्नाळ्याच्या कृष्णाबाईला शौचावाटे रक्त जात होतं, पण सहा महिने तिनं घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. मूळव्याध असेल, अशी स्वतःची समजूत घालत ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोळिंजच्या इमारती पालथ्या घालायची. २००७ च्या होळीनंतर एका जिन्यातच ती चक्कर येऊन बसली, तेव्हा मुलानं, रमेशनं, तिला मुंबईला नेलं. गुदाशयाचा कॅन्सर निघाला.

आधी महिनाभर लाईट, म्हणजे रेडिएशन, दिले. मग सर्जननं मायलेकांना समोर बसवून सांगितलं, की गाठ दोन तऱ्हांनी काढता येते. एक तर पोट मधोमध उघडून, नाहीतर चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनं. दुर्बिणीनं दुखणं कमी, माणूस लवकर हिंडूफिरू लागतं. पण वेळ जास्त लागतो, आणि या आजारात ती पद्धत अजून नवी आहे. पुढं आजार उलटू नये म्हणून कुठली बरी, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही, असंही तो म्हणाला. काही महिने पोटावर शौचाची पिशवी मात्र दोन्हींत लागणार होती.

कृष्णाबाईच्या घशाखाली घास उतरेना. जन्मभर तिनं मासळी साफ केली होती. पोट पुरतं उघडल्याशिवाय आतलं दिसत नाही, हे तिचे हात जाणून होते. छिद्रातून बघताना एखादा कण राहून गेला तर? आणि मोठं चिरलं, तर पाटी कशी उचलायची? पिशवीचा वास आला, तर गिऱ्हाईक दारात उभं करील का?

पुढच्या भेटीत तिनं विचारलं, "भोकातून तुमाला सगला दिसंल का? खरा सांगा."

"दिसेल, मावशी. मोठं होऊन दिसतं. पण अडलं, तर तिथल्या तिथं पोट उघडीन. हट्ट करणार नाही."

त्या शेवटच्या शब्दांवर तिनं कागदाला अंगठा लावला.

शुद्ध आल्यावर तिचा हात आधी पोटावर गेला. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत लांबलचक पट्टी लागली. आजार सगळीकडं पसरलाय, म्हणूनच उघडलं, असं तिनं धरून टाकलं. रमेशला विचारायचं धाडस होईना. तो आत आला की ती झोपेचं सोंग घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सर्जननं सांगितलं, की ओटीपोटाच्या चिंचोळ्या जागेत रक्त थांबेना, म्हणून उघडावं लागलं. गाठ मात्र अख्खी निघाली. तिचा विश्वास बसला नाही. बाराव्या दिवशी, काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नसल्याचा रिपोर्ट आला, तेव्हा कुठं ती पोटभर पेज प्यायली.

जखम एका कोपऱ्यात चिघळली, ती भरायला दीड महिना गेला. दिवाळीनंतर पिशवीही निघाली. पाटी पुन्हा डोक्यावर चढली नाही. रमेश टोपली रिक्षातून आणून देतो आणि ती बोळिंजच्या नाक्यावर बसून विकते. गिऱ्हाइकं जुनीच आहेत. फक्त तपासणीची तारीख जवळ आली, की कृष्णाबाईचं भावात लक्ष राहत नाही.