पुन्हा मागणारी ओळ

ताईचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी ऑफिसला निघाले. "महिना तरी जाऊ द्यायचा गं," आत्या म्हणाली. मी चपला घातल्या आणि पंचवटीतून द्वारका चौकाची रिक्षा धरली.

आमचं ऑफिस चौघांचं. ताई आणि मी, दोघी बहिणी शेजारी बसायचो. ती कोड लिहायची, मी फोनवरचे स्क्रीन करायचे. तिचं शेवटचं काम लासलगावच्या कांदा लिलावाचं होतं. एकेका ट्रॅक्टरचा भाव ठरला की तो लगेच शेतकऱ्यांच्या फोनवर दिसला पाहिजे. आधीची पद्धत सगळे भाव एकदम ओतायची आणि साधे फोन गुदमरून बंद पडायचे. ताईने रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वापरली. तिच्यात पाठवणारा आपण होऊन काही पाठवत नाही. घेणारा सांगतो, मला इतके निरोप झेपतील. तेवढेच येतात.

"हे काढून टाकू," सर म्हणाले. "रस्ट आता आपल्याकडे कुणाला येत नाही."

"मला येते."

"कधीपासून?"

"उद्यापासून."

सर हसले नाहीत. त्यांनी तीन आठवडे दिले. त्यानंतर बाजार समितीत चाचणी होती. तिथं चाललं तर ठेवायचं, नाही तर ताईचा कोड जाणार.

ही भाषा आधी सगळा कोड तपासते आणि काही खटकलं की चालूच देत नाही. पहिला आठवडाभर तिने मला एकदाही होकार दिला नाही. मला ते बरं वाटलं. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

ताईचा पाठवणारा भाग मी तसाच ठेवला. फोनवरचा, घेणारा भाग मात्र नव्या स्क्रीनसाठी पुन्हा लिहिला. फोन सुरुवातीला बत्तीस भाव मागायचा. ताईच्या कोडमध्ये सोळा दाखवून झाले की आणखी सोळा मागणारी एक ओळ होती. मला ती जादा वाटली. एकदा मागितलंय ना, मग पुढचं तो देईलच. मी ती गाळली. ऑफिसात वीस खोटे ट्रॅक्टर धरून तपासलं, छान चाललं.

चाचणीच्या दिवशी सर माझ्याशेजारी उभे होते. लिलाव ट्रॉलीमागून ट्रॉली पुढे सरकत होता, व्यापाऱ्यांचा गलका चालू होता. चाचणीला तयार झालेल्या एका काकांच्या फोनवर भाव येत होते. मग थांबले.

"मॅडम, बत्तीसच्या पुढं काय येईना," काका म्हणाले. "तिकडं चाळिसाव्याचा लिलाव चालू हाय. तुमचं गाडं दमलं का?"

"नेटवर्क असेल," मी म्हणाले.

"नेटवर्क लय भारी हाय. आत्ताच सूनबाईशी व्हिडिओवर बोललो."

सर हळूच म्हणाले, "बघ. म्हणूनच म्हणत होतो."

बत्तीस. मी तो आकडा ऐकला आणि माझा मलाच राग आला. लहानपणी आईने आम्हाला शिकवलं होतं, दुसऱ्याच्या घरी दुसरी पोळी मागायची नाही. यजमान आग्रह करतात, मग घ्यायची. मी आयुष्यभर पानावर हात जोडून आग्रहाची वाट पाहत बसले. ताईने हे कधीच ऐकलं नाही. "काकू, अजून एक वाढा," ती खुशाल म्हणायची आणि आई घरी आल्यावर तिला रागवायची. मी कोडही तसाच लिहिला होता. एकदा मागायचं आणि गप्प बसायचं. ही लायब्ररी आग्रह करत नाही. फोन पुन्हा मागत नव्हता, म्हणून पलीकडचा भाग शहाण्यासारखा थांबून होता. कोड तपासणाऱ्या कंपायलरला यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

"चूक ताईची नाही, माझी आहे," मी सरांना सांगितलं. "वीस मिनिटं द्या."

"इथं? उन्हात?"

"इथंच."

काकांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पोतं अंथरलं. मी त्यावर लॅपटॉप ठेवला, ताईची ओळ होती तिथं परत लिहिली आणि केबल लावून काकांच्या फोनवर नवा प्रोग्राम चढवला. आधीचे भाव पुन्हा पहिल्यापासून येऊ लागले. एकतीस. बत्तीस. तेहतीस आला तेव्हा मी श्वास घेतला. भाव चालू लिलावाला गाठून त्याच्याबरोबर चालू लागले.

"आता कसं," काका म्हणाले, "आमच्या म्हशीसारखं. थांबली की ढोसायला लागतंय."

परत येताना गाडीत सर म्हणाले, "ठीक आहे. हंगामापुरता राहू दे. पुढं नवीन माणूस आला की बघू."

एरवी मी मान डोलवली असती.

"पुढं नाही, सर. आत्ता सांगा. तो कोड राहणार आणि तो मी सांभाळणार."

ते म्हणाले, "बरं बाई. राहील."

"आणखी एक," मी म्हणाले. "ताईची खिडकीजवळची खुर्ची मला हवी."