गोदूबाईच्या रक्तातलं

रेवसकडच्या मिठागरांवर गोदूबाईने तीस वर्षं डोक्यावरून मीठ वाहिलं. नवरा लवकर गेला, दोन्ही मुलगे तिनेच वाढवले. थोरला हिरामण छत्तिसाव्या वर्षी ट्रकमधून उतरताना छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. दारू नाही, अंगावर चरबी नाही. मग दोष सुनेकडे गेला. "पांढऱ्या पायाची हाय ती," असं गोदूबाई चारचौघांत म्हणाली. महिन्याभरात हेमाली दोन वर्षांच्या लेकीला, प्राप्तीला घेऊन नागावला माहेरी निघून गेली.

नऊ वर्षांनी धाकट्या जीवनच्या छातीत दुखलं. तो वाचला. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी त्याची टाचेमागची जाड झालेली शीर दाबून पाहिली, मग गोदूबाईच्या पापण्यांवरचे पिवळे चट्टे. दोघांचं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल दोघांचंही चारशेच्या घरात, असायला हवं त्याच्या दुप्पट.

"आजी, हे जन्मापासूनचं आहे. तुमच्याकडून मुलांत उतरलंय. बायकांना त्रास उशिरा होतो, पुरुषांना भर तारुण्यात."

त्यांनी दोघांनाही गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, जन्मभर.

गोदूबाईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "माझा हिरामण गेला, तवा ही गोली व्हती?"

"होती, आजी. पण त्याचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. त्याला मूलबाळ असेल तर आता तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी गोदूबाई नागावला गेली. हेमाली एका होमस्टेच्या अंगणात पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होती. सासूला पाहूनही तिने हात थांबवले नाहीत.

"प्राप्तीचं रगत तपासून घे," गोदूबाई म्हणाली. "खोट माझ्या रगतात हाय. तुझा कायपन दोष नवता."

"हे कळायला नऊ वर्षं लागली?"

गोदूबाईने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. हेमालीने ती वाचली, घडी घालून कमरेला खोचली. "तपासते. पण पोरगी शाळेतून यायच्या आत तुम्ही जा."

प्राप्तीचाही आकडा वाढलेलाच निघाला. अकराव्या वर्षी तिला गोळी सुरू झाली. हेमालीने हे फोनवर जीवनला सांगितलं. सासूशी ती बोलली नाही. जीवन रोज आईसमोर पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवतो.

"मी जगून काय करू?" ती विचारते.

ती गोळी गिळेपर्यंत तो समोर बसून राहतो.